सगळं घरी करायचं, पण किती जणींनी?

डोंबिवलीहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

‘मावशी, नमस्कार. मी सकाळची 7.52 पकडते, घरी परतायला आठ वाजतात. घरात नवरा, आठ वर्षांची लेक, अकरा महिन्यांचा मुलगा आणि सासूबाई. आईंच्या हाताची ख्याती सगळ्या गोतावळ्यात आहे. संक्रांतीचा हलवा, उन्हाळ्यातल्या कुरडया, गणपतीचे मोदक, कापसाची वस्त्रं, दिवाळीचा फराळ, काहीच कधी विकत आणलं नाही. आता त्या एकाहत्तरच्या आहेत, बोटांचे सांधे धरलेत. गणपतीत म्हणाल्या, “आता तू बघ.” मी बघायला गेले आणि दिवाळीत अनारसे तुपात विरघळले, चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या. शेवटी करंज्या बाहेरून आणल्या. भाऊबीजेला नणंद ताटाकडे बघून म्हणाल्या, “आमच्या आईच्या घरात विकतच्या करंज्या पहिल्यांदाच बघतेय.” नवरा म्हणतो, सगळंच ऑर्डर कर, डोक्याला ताप नको. तेही मला पटत नाही. जानेवारीत धाकट्याचं पहिलं बोरन्हाण आहे. हलव्याचे दागिने घरीच व्हावेत अशी आईंची इच्छा आहे. वर्षभराचं हे सगळं कसं निभावू, की सोडून देऊ?’

अगं, आधी एक कर. रविवारी दुपारी सासूबाईंजवळ बस आणि विचार, ‘आई, कुरडया घालायच्या तेव्हा तुम्ही किती जणी असायच्या?’ गहू तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं घालून मोकळं व्हायचं. चीक घोटायलाच दोन माणसं लागतात, एकानं पातेलं धरायचं, दुसऱ्यानं हलवायचं. चाळीत आणि वाड्यात आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असा फेरा चालायचा. पापड लाटायला शेजारणी, कावळे राखायला पोरं, खाटा गच्चीवर चढवायला एखादा दीर. ख्याती मात्र एकीच्याच नावावर जमा झाली. तुझ्या पदरात आज त्या सगळ्यांचं काम एकदम पडलंय. ते तुला झेपत नाही यात तुझं काही चुकलेलं नाही.

‘सगळंच ऑर्डर कर’ म्हणणं नवऱ्याला सोपं आहे. पण त्यानं एक गोष्ट कायमची हातची जाईल, आणि ती करंजी नव्हे. ती म्हणजे सासूबाईंचा अंदाज. त्यांची बोटं दुखतात, डोळे आणि जीभ शाबूत आहेत ना? मग त्यांना स्वयंपाकघरात खुर्ची टाकून दे आणि ओट्यावर वजनकाटा मांड. त्या सांगतील, ‘मोहन पळीभर.’ तू ती पळी तेलानं भरून वाटीत ओत आणि वाटी काट्यावर ठेव. प्रत्येक घरातली पळी वेगळी असते, म्हणून तर त्यांचीच कृती तुझ्या हातून बिघडते. ‘मूठभर पोहे’ म्हणाल्या की त्यांनाच मूठ भरायला सांग आणि कढईत जाण्याआधी ती तोलून घे. आकडे लेकीनं वहीत लिहायचे. आठ वर्षांच्या मुलीला असली कामं फार आवडतात, आणि आजीला नातीनं प्रश्न विचारलेले सुनेच्या प्रश्नांपेक्षा जास्त रुचतात, हे काही मी तुला नव्यानं सांगायला नको.

आता काय घरी करायचं आणि काय नाही. मी एकच कसोटी लावते. जी वस्तू ताजी असली तरच खरी, किंवा जी करताना घरातली दोनतीन माणसं एका ठिकाणी बसतात, ती घरी. बाकीचं खुशाल बाहेरून. या कसोटीला काही मोठ्या मानाच्या गोष्टी नापास होतील, त्याची तयारी ठेव.

सगळ्यात आधी बोरन्हाण, कारण तेच दारात आहे. हलवा विकत आण, दागिने घरी कर. घरी हलवा करायचा म्हणजे काय ते आईंना आठवत असेलच. मंद आचेवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, त्यावर गाळलेला पातळ पाक चमचाभर सोडायचा आणि पाक सुकेपर्यंत दाणे बोटांनी फिरवत राहायचं. सुकला की पुढचा चमचा. असे दिवसाचे काही तास, ओळीनं तीनचार दिवस. बोटांची टोकं पोळतात. आच जरा वाढली की दाणा पिवळा पडतो, हात थांबला की गोळा होतो. थंडीची कोरडी हवा लागते, म्हणून तर तो संक्रांतीचा. काटा आलेला हलवा म्हणजे खरी कारागिरी आहे यात वाद नाही, पण अकरा महिन्यांचं मूल रांगत असताना ओट्याशी चार दिवस उभं राहायची ही वेळ नाही. परातीसमोर आता आईंनीही बसू नये.

दागिन्यांचं तसं नाही. पुठ्ठा, पांढरा कागद, जरीची दोरी आणि सुईदोरा एवढ्यात मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा आणि बासरी होते. रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास बसलात तरी दोन आठवड्यांत उरकेल. हारातले दाणे डिंकानं चिकटवण्यापेक्षा दोऱ्यात अडकवून ओवा. दाण्याला दोऱ्याचा वेढा द्यायचा, पीळ मारायचा, लगेच पुढचा दाणा घ्यायचा. काटे असल्यामुळे दोरा धरून राहतो. आईंना बोटांमुळे हे जमणार नाही, पण कुठला दाणा हारात आणि कुठला मुकुटाच्या टोकाला हे त्यांनीच निवडायचं. त्यातलं तुला काही कळत नाही असं समजूनच वाग. झालेले दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, नाहीतर मुंग्या तुझ्याआधी बोरन्हाण करतील. मुकुटाला आतून मऊ कापडाची पट्टी लाव, तो काटा बाळाच्या कपाळाला टोचतो.

आणि एक काळजीचं. अकरा महिन्यांच्या पोराच्या डोक्यावर बोरं, उसाचे करवे, शेंगा, हरभरे, गोळ्या सगळं ओतायचं, असं म्हणणारे पाहुणे असतीलच. त्याच्या डोक्यावरून चुरमुरे आणि फार तर चारदोन मऊ बोरं जाऊ देत. बाकीचा खाऊ बाजूच्या ताटात ठेव, जमलेली मोठी मुलं तो लुटतील. हलव्याचा दाणा, शेंगदाणा, बोराची बी या वयात घशात अडकायला वेळ लागत नाही, आणि जे सापडेल ते तोंडात घालायचं हेच तर त्याचं वय. दागिने फोटोपुरते अंगावर, मग लगेच उतरव. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

तिळगूळ मात्र घरचाच असू दे, तो तासाभराचा मामला आहे. चिक्कीचा गूळ घे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर टणक गोळी व्हायला हवी, आणि ती ताटलीत टाकली की टण्णकन वाजायला हवी. लाडू वळायला चटके सोसणारे हात हवेत, ते नवऱ्याचे चालतील.

पाडव्याच्या गाठी विकत. त्याला लाकडी साचे लागतात, घट्ट पाक लागतो, आणि एवढं करून त्या गुढीवर चढतात आणि मग महिनाभर डब्यात पडून राहतात. श्रीखंडाचा चक्का घरी टांग. रात्री दही फडक्यात बांधून नळाला अडकवलं की काम झालं, यात कष्ट कुठे आहेत? होळीची पुरणपोळी तुला येत असेल तर कर, नसेल तर पुरण आदल्या रविवारी वाटून फ्रीजरमध्ये ठेव आणि त्या दिवशी चारच पोळ्या लाट. नैवेद्याला एक पुरते.

उन्हाळ्याच्या वाळवणाला मी तुला हातच लावू देणार नाही. कुरडया, पापड, सांडगे बचत गटाकडून घे. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरतं. तिथं गावोगावच्या बायका स्वतः बसलेल्या असतात, चव घेऊन घेता येतं, पिठात काय घातलंय ते विचारता येतं. ‘विकतचं’ हा शब्द आपण असा उच्चारतो की जणू ते आकाशातून पडलं. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले, त्याचं पुढं लिज्जत झालं. त्या सातही जणी कुणाच्या तरी सासूबाई, कुणाच्या तरी सुनाच होत्या. वाळवणातलं एकच घरी ठेव, बटाट्याचा कीस. मे महिन्यात लेकीला सुट्टी असते, गॅलरीत जुनी साडी अंथरली की तिचा आणि शेजारच्या पोरांचा एक दिवस मजेत जातो. निम्मा कीस वाळायच्या आधीच पोटात जाईल, जाऊ दे.

लोणचं घरचं. कैरी फोडून देणारे बाजारात बसलेले असतात. फोडी घरी आणून कोरड्या पुसायच्या, मीठ-हळद लावायची, मसाला कालवायचा, फोडणी पूर्ण गार झाली की ओतायची. एका रविवारची सकाळ, आणि वर्षभर रोज ताटात. एवढा मोबदला दुसरं कुठलंच काम देत नाही. इथेही आईंची मेथी-मोहरी काट्यावर तोलून घे, लोणच्याचा अंदाज पुस्तकातून येत नाही.

श्रावणात काही करू नकोस. म्हणजे आषाढ संपताना दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे कर, मग नारळीभात कर, लेकीला राख्या करू दे. पण मंगळागौर, पुरणाची दिंडं, शुक्रवारचं हळदीकुंकू या सगळ्यांच्या मागे लागलीस तर गणपतीपर्यंत तुझी पुरती दमछाक होईल.

गणपतीत मात्र मोदक घरी, उकडीचे, यात मी तडजोड करत नाही. दुपारचा मोदक रात्री वेगळा लागतो आणि दुसऱ्या दिवशी तर तो मोदकच राहत नाही. दुकानातून आलेल्या मोदकाला ती वाफ नसते. आंबेमोहोराची पिठी तयार मिळते ती आण, सारण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेव. ओलं खोबरं दोन वाट्या तर गूळ एक वाटी, आणि ते कोरडं होईतो परतायचं, कारण सारण ओलं राहिलं की मोदक बुडाशी फुटतो. उकडीला वाटीला वाटी पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. पाण्याला उकळी आली की पिठी घालून झाकण ठेव, वाफ आली की उतरव आणि गरम असतानाच मळ. इथेच सगळं ठरतं. पाच मिनिटं कंटाळा केलास की कळ्या पाडताना पारीला चिरा जातात. हाताला पाणी आणि तेल लावून, तळव्याच्या उंचवट्यानं दाबत, ती लोण्यासारखी होईपर्यंत मळायची. पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ ठेव. कळ्या चिमटीत धरताना अंगठा आत आणि दोन बोटं बाहेर. अकरा कळ्या सुबक येत नसतील तर सात पाड, बाप्पा मोजत नाही. पहिले पाच हातानं केलेस की उरलेल्या सोळांना साचा घे, मी कुणाला सांगणार नाही. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून लेकीला निवग्र्या थापू दे. आमच्याकडे मोदकांपेक्षा त्यांच्यावरच जास्त उड्या पडतात.

कापसाच्या वस्त्रांबद्दल तू लिहिलंयस की आईंना ती अजून करायची असतात आणि तू त्यांच्या हातातून कापूस काढून घेतेस. घेऊ नकोस. दुखत असेल तर त्या आपणहून ठेवतील. श्रावणापासून रोज एकदोन मणी ओढले तरी गणपतीपर्यंत माळ होते. मखर कागदाचं आणि पुठ्ठ्याचं असू दे. 2018 पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि तसंही कागदाचं मखर मुलांना कापता-चिकटवता येतं.

आता दिवाळी, जिथे तुझं घोडं अडलं. अनारसा तुपात पसरला, जाळी विरून गेली, याला आपल्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात. गूळ जास्त झाला किंवा पिठात ओल राहिली की हे होतं. तांदूळ तीन दिवस भिजवलेस, रोज पाणी बदललंस, इथवर बरोबर. पुढे फडक्यावर पसरल्यावर ते दमट असतानाच दळायचे असतात, पण दमट म्हणजे ओले नव्हेत. मुठीत दाबून सोडल्यावर हात ओला लागता कामा नये. पीठ बिघडलं तरी टाकायचं नसतं. थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळायची, एकच अनारसा तळून बघायचा, मग पुढचे. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं, आच मंद. तुझं उरलेलं पीठ फ्रीजमध्ये आहे म्हणतेस, तर येत्या रविवारी असं करून बघच. दिवाळी संपली म्हणून अनारशाला कुणी बंदी घातलेली नाही.

चकली मऊ पडली कारण तू मोठ्या आचेवर तळलीस. बाहेरून रंग आला, आत ओल राहिली, आणि ती ओल रात्रीतून बाहेर आली. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली बाहेर काढायची नाही, आणि कोमट असताना डब्यात भरायची नाही. बस, एवढंच.

पुढच्या दिवाळीला दोनच पदार्थ घरी कर, चिवडा आणि ज्याच्यावर घरात सगळ्यांचा जीव आहे तो एक. बाकीच्यासाठी तुझ्या 7.52 च्या डब्यातल्या मैत्रिणींना गाठ. दसऱ्याला तुम्ही डबा सजवता, संक्रांतीला गाडीत हळदीकुंकू करता, मग फराळाची वाटणी करायला काय हरकत आहे? चौघींनी एकेक पदार्थ चौपट करायचा आणि डबे बदलायचे. चार घरांत चार घरच्या वस्तू, आणि प्रत्येकीचा फक्त एक रविवार. गोव्यात आणि वसईत नाताळच्या आधी कुलकुल वळायला अख्खं घर टेबलाभोवती बसतं, पोरं काट्याच्या पाठीवर पीठ दाबून गुंडाळ्या करतात. एकटी बाई रात्री अकराला कुलकुल वळत बसलीय असं तिकडे फारसं दिसायचं नाही.

आकाशकंदील नवऱ्याचं खातं. बांबूच्या काड्या, दोरा, पतंगी कागद, मैद्याची खळ, खाली झिरमिळ्या. त्याला लहानपणी येत असेलच. ‘डोक्याला ताप नको’ म्हणणाऱ्या माणसाला पहिल्यांदा सांगाडा वाकडा झाला की बघ कसा चेव चढतो. किल्ला लेकीचा आणि सोसायटीतल्या मुलांचा. त्यात तू फक्त जुनी पोती द्यायची.

आणि नणंदबाई. त्यांच्या बोलण्यानं तुला लागलं, ते साहजिक आहे. पण त्यांना बोचलं ते वेगळंच असावं. आईचे हात थकले, हे त्यांना त्या ताटात पहिल्यांदा दिसलं. ते थेट म्हणता आलं नाही, म्हणून करंज्यांवर घसरल्या. असं असलं तरी ऐकून घ्यायची काही गरज नाही, आणि भांडायचीही नाही. पुन्हा बोलल्या तर हसून सांग, ‘हो ताई, विकतच्याच आहेत. आईंच्या हाताखाली करंज्या तुम्ही शिकलात, पुढच्या वर्षी सारण घेऊन तुम्हीच या, मी पारी लाटून ठेवते.’ हे टोमण्याच्या सुरात नको, खरोखरचं आमंत्रण म्हणून दे. आईंना दोघी लेकीसुना एका पोळपाटाशी बसलेल्या हव्याच असतील.

त्यासाठी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबूही नकोस. बोरन्हाणाला आत्या हवीच. आजच फोन कर आणि म्हण, मुकुट तुमच्याकडे. बाळाच्या डोक्याचा घेर दोऱ्यानं मोजून पाठव आणि दोन बोटं सैल ठेवायला सांग, कारण महिनाभरात तो वाढलेला असेल. जमणार नाही म्हणाल्या तर दादरच्या बाजारात तयार मुकुट मिळतो, तोही चालेल. हार मात्र तू आणि लेकीनं ओवायला घ्याच. हलवा डिसेंबरअखेर आण, संक्रांतीच्या तोंडावर बाजारात चांगला काटेरी उरत नाही.